पुरानंतरची विहीर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं. घरातला चिखल काढता काढता ऑगस्ट उजाडला, तोवर आमची विहीर निवळून तळातला जांभा दिसू लागला होता. तपासणीची बाटली त्या पाण्याने भरून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी काळी! म्हणजे पाण्यात विष्ठेतले जिवाणू असणार.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "पूर कधीच ओसरला, आता घाण कुठून येणार?"

जमिनीखालून. पूर विहिरीच्या तोंडावाटे एकदा आत शिरतो, शौचालयाच्या शोषखड्ड्यातलं पाणी मात्र झिरपतच राहतं. बारीक मातीत जिवाणू बरेचसे गाळले जातात. आपल्या जांभ्यात भोकं आणि भेगा, पाणी सरळ पार होतं. त्यातून पावसाळ्यात भूजल वर चढून शोषखड्ड्याच्या तळाला टेकतं. म्हणून एकदा औषध टाकून विहीर कायमची शुद्ध होत नाही, हे मी भेटेल त्याला सांगते.

औषध टाकताना आधी गाळ काढा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. पण जमीन पाण्याने तुडुंब असताना विहीर एका दमात उपसू नका, बांधकाम ढासळतं. मग व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले 785: एवढे लिटर पाणी. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) धरा, म्हणजे 140 ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळा. निदान तासभर उपसा नको. रात्री टाकलेलं उत्तम. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पुड्यातल्या टीसीएलचा जोर लवकर जातो, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवाच. बाटली पुन्हा भरून बघा, आणि ती काळी पडायची थांबेपर्यंत प्यायचं पाणी खळखळून उकळा. तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तिथे तर यात सूट नाहीच.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते शेजाऱ्याशी बोलणं. शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट हवा, जांभ्यात तर त्याहून लांब. दाटीच्या आळीत तो बहुधा दुसऱ्याच्या परड्यात असतो. आम्ही काळी बाटली घेऊनच गेलो. भांडण झालं नाही, त्यांच्या शौचालयाच्या टाकीची गळकी भिंत मात्र दिवाळीपूर्वी दुरुस्त झाली.