आधी घरमालकाची सही, मग कुकर

प्रश्न : मुलगा आळंदीत इंजिनिअर झाला, ऑक्टोबरपासून जर्मनीत एम.एस. करणार. विद्यापीठाने सोबतीला एक सीनियर विद्यार्थी दिलाय. त्याला काय विचारू? – एक पालक, आळंदी

उत्तर : कुकर न्यायचा का, हे नंतर. आधी खोलीचं विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मित्राकडे पथारी टाकली तर तो मिळेलच असं नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेले ११,९०४ युरो एकदम हाती येत नाहीत, महिन्याला ९९२ सुटतात. अनामत नि पहिलं भाडं वेगळं ठेवा. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी रात्री उतरणार असेल तर दशम्या बांधून द्या! व्हिसाचं मात्र सीनियरला नको, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयालाच विचारावं. आणि हे सगळं मुलालाच विचारू द्या.