नाईटवर निघालेल्या भाचीस

चि. सायलीस,


विमान-देखभालीचा परवाना तुझ्या हातात आल्याचं दादाने फोनवर सांगितलं, फार आनंद झाला. आता तुझ्या सहीवर विमान उडणार. माझी सगळी नोकरी टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये झाली, भरलेली टास्क कार्डं आणि लॉगबुकाची पानं तपासण्यात. पाना कसा धरायचा हे मी तुला सांगणार नाही, पेनाबद्दल मात्र सांगेन.

११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर ब्राझिलिया हवेतच मोडलं. चौदाच्या चौदा माणसं गेली. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये शेपटीच्या आडव्या पंखांचे डी-आयसिंग बूट, म्हणजे बर्फ झटकणारे रबरी पट्टे, बदलायचं काम निघालं होतं. संध्याकाळच्या शिफ्टचा एक इन्स्पेक्टर आपणहून मदतीला वर चढला. उजव्या बाजूचे वरचे स्क्रू त्याने काढले आणि तसाच पुढे सरकून डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रूही काढले. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर वेळेआधी हजर झाला, त्याने हँडओव्हरचा कागद पाहिला. त्यावर यातलं काही नव्हतं, कारण लिहायचंच राहिलं होतं. मग पहिल्याने नोंद केली, बूट काढायला मेकॅनिकला मदत केली एवढीच, आणि तो घरी गेला. रात्रीच्या लोकांनी उजवा बूट बदलला, डाव्याचं काम पुढे ढकललं. डाव्या बाजूला कुणाचा हात लागलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेपूट इतकी उंच, की तिचा वरचा भाग खालून दिसत नाही. सकाळी विमान त्या ४७ स्क्रूंविनाच लारेडोला गेलं आणि परतीच्या वाटेवर पडलं.

त्या इन्स्पेक्टरची नोंद खोटी नव्हती. वाचणाऱ्याच्या मात्र ती काडीच्या उपयोगाची नव्हती. कुठली बाजू, वरचे की खालचे, किती काढले, काढलेले कुठे ठेवले, हे सगळं तिच्यात हवं होतं. तू उघडलेलं पॅनेल, सैल केलेला नट त्याच वेळी कार्डावर लिही. शिफ्टच्या अखेरीस एकदम लिहायला बसू नकोस, तेव्हा मन घरी पोचलेलं असतं. 'जरा हात लाव गं' म्हणून कुणी बोलावलं, तर तेही लिही. आणि दुसऱ्याने 'झालंय' म्हटलं म्हणून सही करायची नाही, तो कितीही सीनियर असो, गेटवर प्रवासी ताटकळत असोत.

डबल ड्युटीच्या रात्रीची कार्डं मला बघताक्षणी ओळखू यायची. तारीख आदल्या दिवसाची, शिक्का दोनदा उमटलेला, टॉर्कचा आकडा एक रकाना खाली उतरलेला. लिहिणारी माणसं हुशार होती, पण झोपेपुढे हुशारी चालत नाही. असा आकडा चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

जून १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका बीएसी वन-इलेव्हनची कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, केबिन क्रूने त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले हे नशीब. काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ कमी जाडीचे निघाले. काम करणारा अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. माणसं कमी म्हणून पहाटे तीन ते पाचच्या सुमारास स्वतःच कामाला लागला आणि नवा बोल्ट जुन्याशी नुसत्या नजरेने जुळवला. त्या कामाला दुसऱ्याची तपासणी सक्तीची नव्हती. तुझ्यावर अशी वेळ आली तर कॅटलॉग उघडून पार्ट नंबर बघ, आणि नियमात नसलं तरी दुसऱ्या कुणाला एकदा बघायला सांग.

दमलीस तर तसं म्हण. मुलगी म्हणून इतरांपेक्षा जास्त टिकून दाखवावं असं तुला वाटेल, मी तुला ओळखते. तो हट्ट हँगरमध्ये नको. इन्चार्जला सरळ सांग, हे कार्ड आज मी बंद करत नाही. तो रागावला तर रागावू दे.

नाईट संपल्यावर स्कूटरने घरी येऊ नकोस, कंपनीची बस धर. तुझ्या आईला मी सांगून ठेवलंय, दुपारी दोनपर्यंत तुझ्या खोलीत कुणी जायचं नाही.

तुझी,
आत्या