‘आम्ही’ आणि ‘आपण’: सहलीच्या एका निरोपाचा भाषिक अभ्यास

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल;
• हा भेद वाक्यरचनेत कोठे उमटतो ते दाखवता येईल;
• सर्वनामाच्या निवडीतून सूचित होणारे नाते ओळखता येईल.

प्रास्ताविक
नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही व्याख्या तुमच्या परिचयाची आहे. परंतु बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात धरतो की बाहेर ठेवतो, हेही सर्वनाम सांगते. एका कल्पित प्रसंगातून हे पाहू.

विवेचन
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे वाढलेल्या तीन मैत्रिणी एकाच महाविद्यालयात शिकल्या. पुढे बदलापूरची मैत्रीण लग्न होऊन नागपूरला गेली. चार वर्षांनी ती दिवाळीला निवांत माहेरी आली, तेव्हा तिघींच्या मोबाइलवरील गटात उल्हासनगरच्या मैत्रिणीचा निरोप आला : “आम्ही शनिवारी माथेरानला जाणार आहोत.”

बदलापूरची मैत्रीण दिवसभर काहीच बोलली नाही. या दोघी आपल्याला वगळून निघाल्या, असा तिचा समज झाला. संध्याकाळी अंबरनाथच्या मैत्रिणीने लिहिले : “अगं, आपण जाणार आहोत! कर्जत लोकलने येतोय. बदलापूरला तू चढ, नेरळला तिघी उतरू.”

चूक कोठे झाली? ‘आम्ही’ हे व्यावर्तक सर्वनाम आहे : त्यात बोलणारा व त्याचे सोबती येतात, ऐकणारा येत नाही. ‘आपण’ हे समावेशक आहे : त्यात ऐकणाराही येतो. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ व ‘नाम्’ असा भेद आहे. प्रमाण हिंदीत मात्र दोन्हींसाठी ‘हम’ हा एकच शब्द चालतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत 1949 मध्ये उल्हासनगर झाली. तेथे सिंधी कुटुंबात वाढलेल्या या मैत्रिणीची रोजची भाषा हिंदी होती. तिच्या मनात ‘हम’ होते. मराठीत उतरताना त्याचे ‘आम्ही’ झाले. तिच्या मनात दुरावा नव्हता. तो शब्दामुळे भासला.

क्रियापद येथे मदतीला येत नाही. ‘आम्ही जाणार आहोत’ आणि ‘आपण जाणार आहोत’ यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. मात्र ‘जाऊ या’ हे प्रस्तावाचे रूप घ्या. ‘आपण जाऊ या’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘आम्ही जाऊ या’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ऐकणाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय हे रूप वापरताच येत नाही.

‘आपण’चे इतर उपयोगही ध्यानात ठेवा. ‘आपण बसावे’ यात तो आदरार्थी द्वितीय पुरुष आहे. ‘ती आपण होऊन आली’ यात तो स्वतःवाचक आहे.

आता षष्ठीची रूपे पाहू. लोकलमध्ये बदलापूरची मैत्रीण सहज म्हणाली, “आमच्याकडे पाडव्याला एवढी गडबड नसते.” तिचे ‘आमच्याकडे’ आता नागपूर होते. दोघी क्षणभर थांबल्या. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आपल्या कॉलेजचा कट्टा अजून आहे का गं?” पहिल्या वाक्यात सासर आहे व मैत्रिणी त्याच्या बाहेर आहेत, दुसऱ्यात तिघी पुन्हा एकत्र आहेत. लग्नानंतर ‘आमचे’ बदलते. ‘आपले’ टिकवायचे की नाही, हे मात्र बोलणारीच्या हाती राहते.

सारांश
‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ सामावून घेते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध असली, तरी चुकीची निवड नात्याला दुखवू शकते.

स्वाध्याय
1. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद ‘जाऊ या’ या रूपाच्या आधारे स्पष्ट करा.
2. तुमच्या घरातील एक दिवसाचे संभाषण ऐका. ‘आमचे’ व ‘आपले’ कोण, कोणाशी बोलताना वापरते, याची नोंद करून दहा ओळींत निष्कर्ष लिहा.