घरातला बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

रात्री दिवा मालवल्यावर स्वयंपाकघरातून 'कुरकुर, कुरकुर' असा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? आमच्या मिरजगावात, कर्जत तालुक्यात, माघ-फाल्गुनात हा आवाज घरोघरी ऐकू येतो. शिवारातली ज्वारी काढून झाली, कणसे खळ्यावर आली, की रानातले उंदीर ज्वारीच्या मागोमाग गावात येतात. जुन्या माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती त्यांना बिळासाठी फार सोयीच्या.

उंदीर कुरतडतो तो केवळ भुकेपोटी नव्हे. त्याचे पुढचे चार पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणून तो लाकूड, कापड, पुस्तक, विजेची तार असे जे सापडेल ते कुरतडतो. धान्य खातो थोडे. पण लेंड्या टाकून आणि मुतून नासतो पुष्कळ. मादीला सुमारे 3 आठवड्यांत पिल्ले होतात आणि एका वेळी पाच-सहा किंवा अधिकही होतात. म्हणजे आज एक उंदीर दिसला आणि आपण हसून सोडून दिले, तर पावसाळ्यापर्यंत घरात त्यांचे गोकुळ होते.

घूस हा उंदराचाच थोरला भाऊ. (तुम्हांला ठाऊक असलेली 'घूस' म्हणजे रिश्वत, तिला मराठीत 'लाच' म्हणतात. घोटाळा करू नका!) चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती झुरळे, किडे खाते. तिला दुर्गंधी येते एवढाच तिचा दोष.

आता एक खरी गोष्ट सांगतो. मी तुमच्याएवढा असताना आमच्या घरी उंदरांचा फार उपद्रव होता. अब्बांनी बाजारातून काळसर भुकटी आणली, पिठाच्या गोळ्यांत मिसळली आणि गोळ्या अंगणाच्या कोपऱ्यात ठेवल्या. सकाळी उंदीर एकही मेला नव्हता. आमची दुभती शेळी मात्र मरून पडली होती. अम्मी शेळीसाठी रडली नाही. माझी धाकटी बहीण तेव्हा रांगत होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती. अम्मीने तिला उचलून घट्ट धरले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात विष आले नाही.

ती भुकटी झिंक फॉस्फाइडची होती. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला, की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा औषधशास्त्रात नाही. विष उंदराला आणि मुलाला वेगळे ओळखत नाही. म्हणून तुमच्या घरी कोणी असे औषध आणले, तर तुम्ही मुलांनी त्याला हात लावू नका, आणि धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवा. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचे पाकीट सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

मग उंदीर घालवायचे कसे? आधी त्यांची वाट बंद करा. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर आत येतो. बीळ नुसत्या मातीने लिंपले तर तो एका रात्रीत पुन्हा उकरतो. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळून बुजवावे. हे काम मोठ्या माणसांकडून करून घ्या. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकावी. दुसरे म्हणजे त्यांचे जेवण बंद करा. खरकटी भांडी रात्री तशीच ठेवू नका. ज्वारी पोत्यात किंवा बांबूच्या कणगीत ठेवण्यापेक्षा झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावी आणि कोठी भिंतीपासून हातभर दूर मांडावी.

आत असलेल्यांसाठी पिंजरा उत्तम. पण मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा नुसता उघडा ठेवा, आत भजे किंवा भाकरीचा तुकडा ठेवा आणि त्यांना निर्धास्तपणे खाऊ द्या. मग चाप लावा. पिंजरा खोलीच्या मध्यभागी नको. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. बिळांकडे दुर्लक्ष केले तर उंदरांमागून साप घरात येतो, हे खेड्यातल्या मुलांना मी सांगायला नको.

या प्राण्याने महाराष्ट्राला फार रडवले आहे. 1896 साली मुंबईत धान्याच्या गोदामांच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. आधी घरात उंदीर मरून पडत, मग माणसे. लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. रशियातून आलेले डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला आणि 10 मार्चला त्यांचे निधन झाले. रोग पसरतो कसा, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडतात आणि माणसाला चावतात.

हे फार जुने झाले असे समजू नका. 1994 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेग उद्भवला आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत. आता प्लेगवर औषधे आहेत. वेळेवर घेतली तर रोगी बरा होतो. उंदराच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप मात्र अजून दर पावसाळ्यात डोके वर काढतो. जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याचे पुष्कळ रोगी आढळले होते. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलावा आणि घरापासून दूर खोल पुरावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकात जाते. आधी फिनेलचे पाणी शिंपडावे, मग फडक्याने पुसावे आणि हात साबणाने धुवावेत.

शब्दार्थ : माळवद – मातीचे सपाट छप्पर. कणगी – धान्य साठविण्याची बांबूची मोठी टोपली. पटाशीचे दात – पुढचे कापण्याचे दात. उतारा – विषावरचे औषध. पिसू – रक्त पिणारा बारीक किडा.

स्वाध्याय :
1. अम्मी शेळीसाठी का रडली नाही?
2. पिंजरा पहिल्या रात्री उघडा का ठेवायचा?
3. आज संध्याकाळी आपल्या घरातली भोके मोजा आणि त्यांची जागा वहीत मराठीत लिहून आणा.