दूरच्या संगणकाचें दार

तुमच्यापैकीं कित्येकांचे आईवडील घरच्या संगणकावरून कचेरींतला संगणक चालवितात. विंडोज प्रणालींत ह्या सोयीस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. ही जोडणी होईनाशी झाली म्हणजे माणूस गोंधळून जातो. परंतु क्रमानें शोध केल्यास दोष बहुधा सांपडतो.

प्रथम हें पाहावें कीं, कचेरींतला संगणक जागा आहे काय? निद्रिस्त संगणक उत्तर देत नाहीं. दुसरें, त्यांत दुरून प्रवेश करण्याची परवानगी चालू आहे काय? विंडोजच्या ‘होम’ आवृत्तींत ती देतांच येत नाहीं. ‘प्रो’सारखी आवृत्ति लागते. तिसरें, कचेरींतल्याच दुसऱ्या संगणकावरून जोडणी करून पाहावी. ती साधली तर दोष यंत्रांत नसून वाटेंत आहे असें समजावें. १९२.१६८ ह्या अंकांनीं आरंभ होणारा पत्ता कचेरीच्या जाळ्यापुरताच चालतो. घरून जाण्यास आधीं व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग जोडावा लागतो.

येथें कंटाळून कोणी फायरवॉल बंद करितो, तर कोणी ह्या जोडणीचें ३३८९ क्रमांकाचें पोर्ट साऱ्या जगास उघडें करितो. हें फार धोक्याचें आहे. सन २०१९ मध्यें ‘ब्लूकीप’ नांवाचा दोष उघडकीस आला. त्यायोगें कित्येक जुन्या विंडोज संगणकांत संकेतशब्दावांचून शिरकाव होणें शक्य होतें. कचेरींतल्या संगणकांत केवळ आपलें काम नसतें. इतरांनीं विश्वासानें सोंपविलेली माहितीही असते. यास्तव किल्ली सांपडत नाहीं म्हणून भिंत पाडूं नये. धीर धरून किल्लीच शोधावी.