गॅस गेला की माप चुकले? घरच्या फ्रीजची तपासणी



ऊस तोडीला आला की नाही हे आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा ब्रिक्स पाहून सांगतो. एखाद्या दिवशी सगळ्याच फडांचे आकडे विचित्र आले, तर उसाला नावे ठेवण्याआधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकतो. रेषा शून्यावर आली नाही तर ऊस निर्दोष, माप खोटे. मागच्या उन्हाळ्यात वालूरला एका सभासदांच्या घरी हीच युक्ती फ्रीजवर करावी लागली, त्याची ही हकीकत.

लागणीची नोंद घ्यायला गेलो होतो. चहाला दूध काढले तर पातेल्यात बर्फाची चकती! भाजीही काळी पडलेली. सभासद म्हणाले, "साहेब, गॅस कमी झाला म्हणून मेकॅनिकने भरून दिला. आठ दिवस झाले नाहीत, पुन्हा तेच. मशीन बंदच होत नाही."

आता इथे थोडा विचार करावा. गॅस कमी झाला तर मशीन अखंड चालते हे खरे, पण फ्रीज गार होत नाही. इथे तर खालच्या फळीवर दूध गोठत होते. म्हणजे गारवा भरपूर, थांबायचे कधी तेच यंत्राला कळत नव्हते. गॅसचा खर्च वाया गेला होता.

अलीकडच्या फ्रीजमध्ये थंडी मोजायला थर्मिस्टर नावाचा बोटाच्या पेराएवढा सेन्सर असतो. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, उष्णता वाढली की कमी होतो. आतला बोर्ड तेवढा आकडा पाहून मशीन चालू-बंद करतो. सेन्सरने खोटे सांगितले की बोर्ड बिचारा खोट्यावर चालतो. आकडा खरा असावा त्याहून कमी आला तर बोर्डाला वाटते आत ऊन आहे, आणि मशीन चालतच राहते. जास्त आला तर उलटे. मशीन सुरूच होत नाही आणि दूध नासते.

आधी साधी तपासणी केली. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर, आणि रात्रभर दार उघडायचे नाही. सकाळी 3 ते 5 अंश हवे होते. ग्लासात वर बर्फाची साय आलेली. दाराचे रबर ठीक होते. कधी कधी सेन्सर चांगला असतो, पण क्लिपमधून निसटून भलतीकडे लोंबतो किंवा त्याच्यासमोर कोणी गरम भांडे ठेवलेले असते. तेही पाहिले. नव्हते.

मग प्लग काढून सेन्सरची पिन बोर्डापासून सोडवली. पिन जोडलेली ठेवून मोजले तर आकडा फसवतो. ग्लासात बर्फाचा चुरा घेतला, चुरा भिजेल इतकेच स्वच्छ पाणी घातले आणि ढवळले. हे झाले 0 अंश. मीठ पडू देऊ नये, नाहीतर पाणी शून्याच्या खाली जाते. सेन्सरचे टोक त्यात पाच मिनिटे बुडवले, पिन मात्र कोरडी ठेवली. हा सेन्सर 25 अंशाला 10 किलोओहमचा होता. असा सेन्सर बर्फात साधारण 27 ते 33 किलोओहम दाखवतो. मल्टीमीटरवर आले 11! म्हणजे बर्फात बसूनही तो बोर्डाला सांगत होता की आत खोलीएवढी हवा गरम आहे. आत ओल शिरली की असे होते. सगळ्या कंपन्यांचा आकडा एक नसतो, म्हणून आपल्या मॉडेलचा तक्ता पाहूनच निकाल द्यावा.

सेन्सर बदलला, दूध गोठायचे थांबले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच फ्रीजमध्ये, मागच्या भिंतीला टेकून, त्यांच्या आईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, आणि एकदा गोठले की वितळल्यावर दिसायला चांगले असले तरी वापरायचे नसते. आईंची साखर कित्येक दिवस उतरत नव्हती, म्हणून दवाखान्यात डोस वाढवून मिळाला होता. मग दुकानातून नवी बाटली आली, वाढीव डोस टोचला, आणि पहाटे आईंना दरदरून घाम, हातपाय थरथर. घरच्यांनी तातडीने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. फ्रीजचा आणि या पहाटेचा संबंध आम्ही त्या ग्लासातला बर्फ पाहीपर्यंत कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी बाटली गोठल्याची शंका आली तर डॉक्टरांना ते सांगून मगच नव्या बाटलीचा डोस ठरवून घ्यावा.

जुन्या एकदारी फ्रीजमध्ये असा सेन्सर नसतो, बारीक नळीचा थर्मोस्टॅट असतो. नळीतला वायू गळला तर मशीन सुरूच होत नाही. आतले कॉन्टॅक्ट चिकटले तर थांबत नाही. तिथे मल्टीमीटरपेक्षा ग्लास-थर्मामीटरच उपयोगी.

एक ताकीद. साठलेला बर्फ सुरी-स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. बऱ्याच नव्या फ्रीजमधला आर-600ए गॅस पेट घेणारा आहे. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डात प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठून राहते, तेव्हा ते झाकण जाणकारानेच उघडावे. त्याला बोलावताना ग्लासातला आकडा आधी सांगा, गॅसचा विषय मग काढू द्या.

वालूरच्या त्या घरी थर्मामीटर आता मधल्या फळीवर कायमचा असतो. बाटल्या मागच्या भिंतीपासून दूर, डब्यात ठेवतात.