कॉल सेंटरमधील नंबर बदलताना कामगाराचा हिशेब सांभाळा

टेलिफोनवरून ग्राहकांच्या ऑर्डरी व तक्रारी घेण्याचे काम आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये कॉल सेंटरचे नियम सैल केले. नोंदणीची अट गेली. एक्स्चेंज एका गावी आणि माणसे दुसऱ्या गावी ठेवण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावातही वीस तरुणांना घेऊन असे केंद्र चालविता येते. मात्र धंदा वाढला की आतले नंबर अपुरे पडतात व ते बदलावे लागतात. हे काम घाईने केले, तर कामगाराच्या पगारात घोळ होतो.

दोन नंबरांतील फरक

एक्स्टेंशन हा टेबलावरील फोनचा नंबर असतो. एजंट आयडी हा माणसाचा नंबर असतो. कामगार कोणत्याही टेबलावर बसला तरी आपला आयडी टाकून काम सुरू करतो. त्याने किती कॉल घेतले, किती वेळ बोलला, किती वेळ जागेवर नव्हता, हे सारे त्या आयडीच्या खात्यावर जमा होते. म्हणून आयडी बदलणे म्हणजे खातेवहीतील पान बदलणे होय.

नवे नंबर कसे निवडावेत?

समजा, तामलवाडीच्या केंद्रात एक्स्टेंशन २०१ ते २२० व आयडी ३०१ ते ३२० आहेत. मालकाने सोलापूरला दुसरी शाखा काढली. तिथेही तेच आयडी आहेत. दोन्ही शाखा एकाच एक्स्चेंजवर घ्यायच्या, तर एका ३०१ नंबरावर दोन माणसे येतील. अशा वेळी चार आकडी नंबर घ्यावेत. पण ३०११ असा नंबर घेऊ नये. ३०१ दाबल्यावर नंबर संपला की पुढे आणखी आकडा आहे, हे एक्स्चेंजला कळत नाही. तामलवाडीला ४३०१ पासून व सोलापूरला ५३०१ पासून नंबर दिल्यास गोंधळ टळतो आणि आकड्यावरून शाखाही ओळखता येते. ० हा बहुधा बाहेरच्या लाइनसाठी व ९ ऑपरेटरसाठी असतो. १ ने ११२ व १०८ हे तातडीचे नंबर सुरू होतात. हे आकडे सुरुवातीला वापरू नयेत.

पगाराचा प्रश्न

समजा, महिन्याला १,००० कॉल घेतल्यास बक्षीस आहे. एका मुलीने १५ तारखेपर्यंत ३०१ वर ६२० कॉल घेतले आणि नंतर ४३०१ वर ५८०. तिचे एकूण १,२०० कॉल झाले. पण अहवालात दोन वेगळी माणसे दिसतात आणि दोघेही हजाराच्या आत राहतात. कष्ट करूनही तिचे बक्षीस बुडते.

कामाचा क्रम

१. जुना नंबर, नवा नंबर, नाव व बदलाची तारीख यांची यादी करावी.

२. बदल महिन्याच्या १ तारखेला, काम सुरू होण्यापूर्वी करावा. आधी एक्स्चेंजच्या सेटिंगचा बॅकअप घ्यावा व मागील महिन्याचे अहवाल छापून ठेवावेत.

३. अनेक एक्स्चेंजवर जुना आयडी खोडून नवा लिहिता येत नाही. नवा तयार करून जुना बंद करावा लागतो. तेव्हा मराठी, हिंदी, कन्नड अशी जी कामे त्या माणसाकडे होती, ती सर्व नव्या आयडीवर चढवावीत. एखादे राहिले तर त्याला त्या भाषेचे कॉल येत नाहीत आणि कामचुकारपणाचा ठपका त्याच्यावर बसतो.

४. आधी दोन-तीन आयडी बदलून पाहावेत, मग उरलेले.

५. कॉलचे रेकॉर्डिंग, तक्रार नोंद व पगारपत्रक यांतही नवा नंबर घालावा.

६. जुना नंबर लगेच नव्या माणसाला देऊ नये. दिल्यास आधीच्या माणसाच्या तक्रारी त्याच्या माथी येतात.

सरकारी बदलाचा धडा

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी ० लावणे सक्तीचे झाले. त्यातून सुमारे २५४ कोटी नवे नंबर मोकळे होणार होते. त्याचा आदेश नोव्हेंबर २०२० मध्येच निघाला होता. शून्य न लावणाऱ्यास काय चुकले ते सांगणारा आवाज ऐकवावा, अशी सूचनाही कंपन्यांना दिली होती. इतक्या मोठ्या बदलातही लोकांना आधी कळविण्याची सोय केली गेली. मग वीस माणसांच्या केंद्रात आठ दिवस आधी फळ्यावर यादी लावणे मालकाला जड नाही.

तरुणांनीही एक खबरदारी घ्यावी. आपला जुना व नवा नंबर, बदलाची तारीख आणि त्या दिवशीची कॉलची संख्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. पगाराच्या दिवशी वाद निघाल्यास तोंडी बोलण्यापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते.